१८ लिटरचा टू-इन-वन फवारणी पंप : दुकानातलं प्रेशर आणि वावरातलं प्रेशर

कृषी केंद्रात बॅटरी पंप दाखवायची एक ठरलेली रीत आहे. दुकानदार टाकीत बकेटभर पाणी ओततो, बटण दाबतो, नोझल दोन आटे ढिलं करतो आणि पिचकारी थेट रस्त्याच्या पलीकडे मारतो. “पाहा भाऊ, काय प्रेशर आहे!” गिऱ्हाईक खूश होतं आणि पंप खोक्यात जातो. पण दुकानदाराने दाखवलेलं ते प्रेशर नव्हतंच, ती फेक होती. नोझल ढिलं केलं की भोक मोठं होतं, पाणी मोकळं निघतं आणि पाइपातलं प्रेशर उलट पडतं. पाण्याची सलग धार थेंबांपेक्षा लांब जाते, कारण हवा तिला तेवढी अडवत नाही. कपाशीच्या पानाखाली बसलेल्या तुडतुड्याला या फेकीचा काही उपयोग नाही.

इथे तपासलाय तो १८ लिटर टाकीचा, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवर बॅटरीचा आणि बाजूला हाताचा दांडा असलेला टू-इन-वन पंप. कपाशी, सोयाबीन, तुरीच्या वावरात सध्या पाठीवर बहुतेक हाच दिसतो. २०२४ मध्ये शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून कापूस-सोयाबीनवाल्यांना अनुदानावर बॅटरी पंप मिळाले, तेव्हापासून तर घरोघरी झाला. खोक्यावर नावं दहा असली तरी आतली मोटर, प्रेशर स्विच, ट्रिगर आणि चार्जर बहुतेकांत एकाच साच्यातले. म्हणून कंपनीचं नाव घेत नाही. खाली लिहिलेलं सगळं तुमच्या दारातल्या पंपावर ताडून पाहता येईल.

निकाल आधीच सांगून टाकतो. चार-पाच एकर कपाशी-सोयाबीनसाठी हा पंप घेण्यासारखा आहे. “डबल मोटर” साठी जास्तीचे पैसे देऊ नका, तेवढ्यात प्रेशर गेज आणि दोन चांगली नोझल येतील. मोर्शी-वरुडकडच्या मोठ्या संत्र्याच्या झाडांना हा पुरत नाही, तिथे ड्रम आणि एचटीपी, म्हणजे जास्त प्रेशरचा मोठा पंपच लागतो. आणि झाकण, कट-ऑफ (ट्रिगर सोडल्यावर मोटर थांबवणारा स्विच), ट्रिगर या तीन गोष्टी दुकानातच तपासल्याशिवाय पैसे मोजू नका.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर “०.२ ते ०.४५ एमपीए” लिहिलेलं असतं आणि आत मोटरवर “१०० पीएसआय”. दोन्ही प्रेशरचेच आकडे आहेत, फक्त मापं वेगळी. आपल्याकडे ठिबकवाले “एक किलो, दीड किलो प्रेशर” म्हणतात, तेच माप धरू : एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाचा भार. ०.१ एमपीए म्हणजे जवळजवळ एक किलो, आणि एक किलो म्हणजे सव्वाचौदा पीएसआयच्या आसपास. म्हणजे खोक्यावरचा पंप २ ते साडेचार किलोचा झाला आणि मोटरवरचा आकडा सात किलोचा. यात खोटं काही नाही. सात किलो म्हणजे तोंड बंद असताना मोटर पाण्याला कुठवर दाबू शकते ती हद्द. ट्रिगर उघडं ठेवून, नोझलमधून फवारा पडत असताना ते प्रेशर कधीच मिळत नाही.

साध्या अंदाजासाठी विहीर आठवा. ३३ फूट पाणी उभं असेल तर तळाशी त्याचं एक किलो प्रेशर असतं. तीन किलोवर चालणारी ही मुठीएवढी मोटर शंभर फूट पाण्याच्या उंचीएवढा दाब नोझलपाशी उभा करते. एमपीएमधला ‘पीए’ म्हणजे पास्कल, सतराव्या शतकातला फ्रेंच शास्त्रज्ञ. बंद भांड्यातल्या पाण्याला एका जागी दाबलं की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्याचं म्हणणं. पंपात याचा अर्थ असा की मोटरच्या तोंडाशी जे प्रेशर आहे तेच पाइपात, ट्रिगरमध्ये, लान्सच्या (नोझल बसवलेल्या लांब नळीच्या) प्रत्येक जोडावर आहे. जो जोड कच्चा, तिथून औषध बाहेर येणार. वाहत्या पाण्यात घर्षणामुळे थोडं प्रेशर वाटेत जातं, पण ट्रिगर बंद असताना सगळीकडे अगदी सारखं.

आणखी एक गैरसमज. “टाकी भरलेली असते तोवर प्रेशर चांगलं, अर्धी झाली की उतरतं.” टाकीतल्या पाण्याची उंची जेमतेम ४० सेंटिमीटर, त्याचं प्रेशर ०.०४ किलो. मोटर देते तीन किलो. टाकी भरलेली की रिकामी याने नोझलला काही फरक पडत नाही. टाकी उतरताना फवारा खरंच मंदावत असेल तर दोष झाकणात आहे.

झाकणाचं भोक

या पंपातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे झाकणातलं हवेचं भोक आणि त्यामागची रबरी चकती. मोटर टाकीतून पाणी ओढते असं आपण म्हणतो. खरं तर मोटर आपल्या बाजूला जागा करते आणि बाहेरची हवा वरून दाबून पाणी तिकडे ढकलते. हवेचा हा दाबही एका चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच आहे. तो टाकीत पोचायचा तर जेवढं पाणी बाहेर गेलं तेवढी हवा आत यायला हवी.

भोक बुजलं, आणि ते बुजतंच, कारण झाकण धुऱ्यावरच्या मातीत उलटं ठेवलेलं असतं, की आतली हवा विरळ होत जाते. पहिले दोन-तीन लिटर फवारा ठीक पडतो. मग मोटरचा आवाज बदलतो, गुरगुरल्यासारखा होतो. फवाऱ्याचा शंकू आवळतो आणि टाकीची कूस आत बसते. टाकीची एक बाजू ३५ बाय ३५ सेंटिमीटर धरा, म्हणजे सव्वाबाराशे चौरस सेंटिमीटर. आतबाहेरच्या हवेत विसाव्या भागाचाच फरक पडला तरी त्या बाजूवर साठ किलोचा भार येतो. प्लास्टिक दबणारच. झाकण सैल केलं की ‘फुस्स’ आवाज होतो आणि पंप पुन्हा चालू पडतो. माणूस समजतो मोटर खराब आहे, आणि चांगली मोटर बदलून येतो.

दुसरी बाजूही आहे. चकती फाटली किंवा निघाली तर हवा आत जाते खरी, पण वाकलं की औषध मानेवर सांडतं. म्हणून दुकानात टाकी अर्धी भरून झाकण घट्ट लावा आणि पंप आडवा करा : थेंब पडता कामा नये. मग उभा करून दोन मिनिटं चालवा : टाकी दबता कामा नये. दोन्हीत जो पास होतो त्याचं झाकण चांगलं. काही पंपांच्या झाकणाचे आटे इतके कच्चे असतात की पहिल्याच हंगामात घसरतात. सुटं झाकण मिळेल का, हे तेव्हाच विचारून घ्या.

मोटर, पडदे आणि हवा

मोटरच्या डोक्यात तीन रबरी पडदे असतात. तिरकी चकती फिरते आणि त्यांना आळीपाळीने आत-बाहेर दाबते. प्रत्येक पडद्यापाशी पाणी आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशी रबरी झडप असते. एक पडदा ओढत असताना दुसरा ढकलत असतो, म्हणून धार न तुटता येते. बिघाडही इथेच होतात. झडपेखाली रेतीचा कण किंवा न विरघळलेल्या भुकटीची गुठळी अडकली की मोटर फिरते, आवाज नेहमीचाच येतो, पण पाणी पुढे जाण्याऐवजी मागे परततं. डोक्याचे स्क्रू खोलून झडपा धुतल्या की काम होतं. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण झडप उलटी बसली तर पंप पाणी उचलतच नाही.

हवा शिरली तरी असंच होतं. पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. पडद्यासमोर पाण्याऐवजी हवा असेल तर पडदा तिला दाबतो, मागे येताना ती पुन्हा फुगते, आणि पुढे काहीच जात नाही. नव्या पंपात किंवा टाकी पार कोरडी करून पुन्हा भरल्यावर हे घडतं. अशा वेळी ट्रिगर उघडं धरून मोटर चालवा, हवा निघून जाते. ५ टक्के निंबोळी अर्कात साबण घातलेला असतो, तो टाकीत जोरात ओतला की फेस होतो आणि फेस ओढून मोटर अशीच फसते. अर्क जुन्या सुती कापडातून दोनदा गाळा आणि टाकीच्या कडेने हळू सोडा. फक्त झाकणाखालच्या जाळीवर भरवसा नको. निंबोळीचा चोथा तिच्यातून जातो आणि नोझलमध्ये बसतो.

आता डबल मोटर. दोन मोटरी शेजारी-शेजारी लावल्या की मिनिटाला जाणारं पाणी वाढतं, प्रेशर दुप्पट होत नाही. दोन माणसांनी एकाच हौदात दोन बकेटी ओतल्या तर हौद लवकर भरतो, पण काठापेक्षा उंच भरत नाही. प्रेशरची हद्द ठरवतो कट-ऑफ स्विच, आणि त्या हद्दीखाली किती प्रेशर राहील हे ठरतं नोझलच्या भोकावर. एका भोकाचं बारीक नोझल लावलं तर एकच मोटर पुरून उरते. दुसरी फक्त बॅटरी खाते.

कट-ऑफ आणि ती टक-टक

ट्रिगर सोडलं की पाइपातलं प्रेशर चढतं, स्विचचा पडदा दाबला जातो आणि मोटर थांबते. चांगल्या पंपात हे एक-दोन सेकंदात होतं आणि नंतर मोटर गप्प राहते. ही दुकानातली दुसरी परीक्षा : ट्रिगर बंद, बटण चालू, एक मिनिट थांबा. मधेच मोटरने आपोआप एखादा झटका घेतला तर कुठेतरी गळतंय. बाहेर ओल दिसत नसेल तर आतली झडप पाणी मागे सोडतेय. टू-इन-वनमध्ये हाताच्या पंपाकडे जाणाऱ्या फाट्यावर उलटं पाणी रोखणारी झडप असते, ती गळत असेल तर मोटरने दाबलेलं पाणी त्या वाटेने टाकीत परत येतं.

दुसरी तक्रार वावरात येते. ट्रिगर उघडं असतानाही मोटर टक-टक करत बंद-चालू होते आणि फवारा धडधडत पडतो. याचा अर्थ मोटर जेवढं पाणी देतेय तेवढं नोझल घेत नाहीये. प्रेशर कट-ऑफपर्यंत चढतं, मोटर थांबते, लगेच उतरतं, मोटर पुन्हा सुरू होते. अशा वेळी गावातला कोणीतरी स्विचचा बारीक स्क्रू आवळून देतो. टक-टक थांबते, पण आता हद्दच वर गेली, त्यामुळे पाइप, जोड आणि पडदे त्यांच्या ताकदीपलीकडे ताणले जातात. खरा उपाय म्हणजे बाजूचं गोल रेग्युलेटर मागे घेणे. मोटर हळू फिरली की देणं-घेणं जुळतं. तरी टक-टक राहिली तर आधी नोझल आणि ट्रिगरच्या मुठीतली गाळणी साफ करा. अर्धं बुजलेलं नोझलही हेच करतं. तो स्क्रू कारखान्यातून येतो तसाच राहू द्यावा. रोज शेकडो वेळा बंद-चालू झालेल्या स्विचचे पॉइंट जळतात, आणि मग पंप कधी बंदच होत नाही नाहीतर कधी चालूच होत नाही.

नोझल आणि गेज

खोक्यात तीन-चार नोझल येतात : एका भोकाचं, चार भोकांचं, सपाट पंख्याचं आणि एखादं भलतंच. कीटकनाशक-बुरशीनाशकाला पोकळ शंकूचा फवारा हवा, तीन किलोच्या आसपास. तणनाशकाला सपाट पंख्याचं किंवा फ्लड जेट, आणि प्रेशर एक ते दोन किलो, त्यापुढे नाही. कारण प्रेशर वाढवलं की थेंब बारीक होतात आणि बारीक थेंब वाऱ्यावर शेजारच्या तासात (पिकाच्या ओळीत) नाहीतर शेजाऱ्याच्या वावरात जातात. कपाशीला २,४-डी या तणनाशकाचा तर वासही सहन होत नाही. पानं आवळून भेंडीच्या पानासारखी होतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. पाइपाच्या आतल्या भिंतीत मुरलेलं तणनाशक दोन धुण्यांत निघत नाही.

प्रेशर दुप्पट केलं की पाणी दुप्पट पडतं असं नाही. नोझलमधून पडणारं पाणी प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. तीन किलोवर मिनिटाला ६०० मिलि देणारं नोझल दीड किलोवर ४२५ च्या आसपास देईल आणि साडेचार किलोवर ७३५. पाणी दुप्पट हवं असेल तर प्रेशर चौपट लागेल, ते या मोटरच्या आवाक्यात नाही. जास्त पाणी पाहिजे तर मोठ्या भोकाचं नोझल घ्या, रेग्युलेटर पिळू नका.

नोझल झिजतंही. पितळेचं दिसायला दणकट, पण भुकटीच्या औषधांनी त्याचं भोक लवकर मोठं होतं. सिरॅमिकचं सगळ्यात जास्त टिकतं. नव्या नोझलचं मिनिटाचं पाणी मोजून झाकणाच्या आत खडूने नव्हे, पक्क्या मार्करने लिहून ठेवा. ६०० चं ६६० झालं, म्हणजे दहा टक्के वाढलं, की ते फेकायचं. बुजलं तर काडी-तार घालू नका आणि तोंडाने तर मुळीच फुंकू नका. जुना दाताचा ब्रश आणि पाणी बस. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने नोझल सुकून पांढरं पडलं असेल तर रात्रभर लिंबाच्या रसात ठेवलं की थर सुटतो.

गेज कंपनी देत नाही. ही या पंपाची सगळ्यात मोठी उणीव. ठिबकच्या दुकानात ० ते ७ किलोचं गेज मिळतं. पाइपाच्या मापाचा टी (तीन तोंडांचा जोड) घ्या, ट्रिगरच्या अलीकडे पाइप कापून बसवा, दोन्हीकडे क्लॅम्प आवळा आणि गेजच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. मग काटा सगळं सांगतो. ट्रिगर बंद करताच काटा चढला आणि तिथेच राहिला तर आतबाहेर गळती नाही. ट्रिगर उघडल्यावर अडीच-तीनच्या आसपास स्थिर राहिला तर काम चोख. उघडल्यावर दीडवर येऊन पडला तर तीन कारणं : नोझल फार मोठं, बॅटरी उतरलेली, नाहीतर झडपेत कचरा. काटा थरथरत असेल तर मोटर हवा ओढतेय.

हाताचा दांडा

टू-इन-वनमधला ‘वन’ लोक अडगळ समजतात. पण बॅटरी मधेच उतरली आणि टाकीत आठ लिटर औषध उरलं असेल तर तोच कामाला येतो. दांडा दाबला की पाणी एका बंद डब्यात जातं, ज्यात वर हवा अडकलेली असते. प्रेशर नसताना डबाभर असलेली हवा तीन किलो प्रेशरवर पाव डब्यात मावते, कारण बाहेरच्या हवेचा एक किलो धरून एकूण दाब चौपट झालेला असतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच. ही दबलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते : दोन दांड्यांच्या मधल्या वेळात ती पाण्याला ढकलत राहते, म्हणून फवारा तुटत नाही. दांडा मारताना फवारा उचक्या देत पडायला लागला तर डब्यातली हवा संपून तो पाण्याने भरलाय. पंप पालथा करून पाणी पूर्ण निथळू द्या, हवा परत बसते. दांडा हलका लागत असेल आणि प्रेशर चढत नसेल तर आतलं वॉशर सुकलं किंवा फाटलंय. तेलाचा हात लावून पाहा, नाहीतर बदला.

बॅटरी

“एका चार्जिंगमध्ये २५ पंप”, म्हणजे २५ भरलेल्या टाक्या, असं म्हणतात, ते हिशेबात बसवून पाहा. मिनिटाला १.४ लिटर पाणी जात असेल तर २५ पंप म्हणजे ४५० लिटर, म्हणजे सव्वापाच तासांहून जास्त. ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीत तेवढा वेळ मोटरने सरासरी दीड अँपिअरच ओढला पाहिजे. रेग्युलेटर अर्ध्यावर असेल तर जमेल. पूर्ण प्रेशरवर मोटर दोन-अडीच अँपिअर खाते, तेव्हा सव्वातीन ते चार तास, म्हणजे १५ ते १८ पंप. शिवाय ‘८’ हा आकडा हळूहळू, वीस तासांत उतरवलेल्या बॅटरीचा असतो. जोरात उतरवली की तेवढंही मिळत नाही.

शिशाच्या बॅटरीचा दोष असा की व्होल्टेज हळूहळू पडतं, त्याबरोबर मोटरचा वेग, वेगाबरोबर प्रेशर. पहिल्या पंपाला तीन किलो असलेला काटा बाराव्याला दोनवर येतो आणि डोळ्यांना ते कळत नाही. शंकू थोडा अरुंद होतो, इतकंच. चालण्याचा वेग तोच राहतो आणि शेवटच्या ओळींना औषध कमी पडतं. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत प्रेशर जवळपास टिकवते आणि मग एकदम बंद पडते. वजनालाही हलकी. पैसे वाढवायचेच तर डबल मोटरऐवजी तिथे वाढवा. फक्त शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला कधीही लावू नका. त्याचं व्होल्टेज वेगळं असतं, बॅटरी फुगते, पेटही घेऊ शकते.

बॅटऱ्या मरतात त्या वावरात नाही, खुंटीवर. तुरीची शेवटची फवारणी झाली की पंप तसाच उतरलेल्या बॅटरीसह टांगला जातो आणि मृगात खाली येतो, तेव्हा चार्जरचा दिवा हिरवा होतो पण पंप दोन टाक्यांत मान टाकतो. बंद हंगामात महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. वॉरंटीत बॅटरी बहुतेक वेळा धरत नाहीत, बिल घेताना हे वाचून घ्या.

एकरी किती पंप?

चार फुटी तासांची कपाशी, एका तासाला एक फेरी, चाल मिनिटाला ३५ मीटर. एकरात तासांची एकूण लांबी होते जवळपास ३,३२० मीटर, म्हणजे ९५ मिनिटांचं चालणं. मिनिटाला १.४ लिटरने १३३ लिटर पाणी लागलं : जवळपास साडेसात पंप. औषधाच्या लेबलवर एकरी २०० लिटर पाणी धरलेलं असेल आणि तुम्ही त्याच हिशेबाने दर पंपाला टोपण टाकत असाल, तर एकरात औषध दोन-तृतीयांशच गेलं. मोठ्या पऱ्हाटीला (कपाशीला) तासाच्या दोन्ही बाजूंनी मारलं तर हाच हिशेब २६६ लिटर, जवळपास १५ पंपांवर जातो आणि औषध जास्त होतं. म्हणून आधी साध्या पाण्याने एका ओळीचं पाणी मोजा, तुमच्या चालीने एकरी किती पंप लागतात ते काढा, आणि एकराची मात्रा तेवढ्या पंपांत वाटा. पाणी लेबलवरच्या प्रमाणापेक्षा फार कमी पडत असेल तर चाल कमी करा, औषध दाट करू नका.

कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात “पॉवर स्प्रेयरसाठी मात्रा तिप्पट” अशी ओळ असते. ती पेट्रोलवर चालणाऱ्या, हवेच्या झोताने कमी पाण्यात फवारणाऱ्या यंत्रासाठी आहे. बॅटरी पंप त्यात मोडत नाही. मोटर असली तरी तो साधाच पंप, मात्राही साधीच. या एका गैरसमजापायी कितीतरी ठिकाणी तिप्पट औषध टाकलं जातं.

पाठीवरचा माणूस

टाकी भरलेली असताना १८ किलो पाणी आणि पाच-सहा किलोचा पंप, असे २४ किलो खांद्यावर येतात. बहुतेक पंपांचे पट्टे अरुंद आणि गादी नावापुरती. पट्ट्याचा हूक प्लास्टिकचा असेल तर घेतानाच लोखंडी लावून घ्या.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि पंपांच्या धुक्यासारख्या बारीक फवाऱ्यावरही बोट ठेवलं गेलं. छातीच्या वरच्या पिकात प्रेशर चढवून मारणं म्हणजे ते धुकं स्वतःच्याच नाकात घेणं. उंच पिकात रेग्युलेटर खाली, लान्स बाजूला, वारा पाठीशी. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हे सालदारालाही तितकंच लागतं.

जोड खोलण्याआधी एक सवय हाताला लागलीच पाहिजे. मोटर बंद केली तरी पाइपातलं प्रेशर जात नाही; झडपा ते कोंडून धरतात. बटण बंद करून ट्रिगर टाकीत धरा, धार तुटेपर्यंत दाबून ठेवा आणि मगच नोझल फिरवा. नाहीतर तीन किलोची चिळकांडी थेट डोळ्यात येते. ट्रिगरचीही परीक्षा दुकानातच घ्या : सोडल्यावर धार जिथल्या तिथे तुटली पाहिजे. नोझलमधून ठिबकत राहिलं तर आतली ओ-रिंग कच्ची आहे, आणि ते औषध दिवसभर तुमच्या पायांवर पडणार.

सुटे भाग हा या पंपाचा चांगला गुण. पडद्यांचा संच, प्रेशर स्विच, ट्रिगर, चार्जिंगची पिन, रेग्युलेटर हे तालुक्याच्या बाजारात सहज मिळतं आणि एकाचं दुसऱ्याला बहुतेक बसतं. न मिळणारी गोष्ट म्हणजे टाकीचा तळ : बॅटरीच्या कप्प्याचं झाकण तुटलं की तिथे चिखल शिरतो, वायरी गंजतात. पंप ओल्या जमिनीवर ठेवताना खाली फळी नाहीतर पोतं टाका.

काम झाल्यावर उरलेलं औषध त्याच पिकावर संपवा, मग तीन वेळा चार-चार लिटर स्वच्छ पाणी घालून ट्रिगर उघडं ठेवून चालवा. धुण्याचं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ नको, वावराच्या पडीक कोपऱ्यात जाऊ द्या. शेवटी मोटर अर्धा मिनिट कोरडी चालू द्या, त्याहून जास्त नाही. पडदे पाण्यावाचून तापतात. झाकण उघडं ठेवून पंप सावलीत उलटा टांगा. उन्हात टांगला तर पहिला पाइप जातो, तो कडक होऊन जोडापाशीच तडकतो.